वांग्याच्या वाफ्यात रोज नवा खड्डा! कुत्र्यापासून परसबाग कशी राखायची?

चिकूची_सावली (२१ नोव्हेंबर, रात्री ९:१०)

नमस्कार मंडळी. दोन वर्षांपूर्वी मुंबई सोडून आम्ही रत्नागिरीजवळच्या सासरच्या घरी राहायला आलो. मागे तीनेक गुंठे परस आहे. दसऱ्यानंतर जमीन वाफशावर आली तशी सासूबाईंनी आणि मी मिळून लाल माठ, मुळा, पावटा, वांगी, मिरची लावली. विहिरीकडच्या बाजूला तोंडलीचा मांडव आहे. माझी ही पहिलीच भाजी, त्यामुळे प्रत्येक रोपाशी जीव जडलाय.

आता खारीकबद्दल. दीड वर्षाचा आहे, आई लॅब आणि बाप गावठी. रंग अगदी खारकेचा. स्वभावाने इतका गरीब की मांजर याच्या ताटलीत जेवून जातं. पण गेले पंधरा दिवस रोज पहाटे उठून बघावं तर वांग्याच्या आणि मिरचीच्या वाफ्यात हातभर खोल खड्डा, आणि रोपं मुळासकट बाहेर. चौदापैकी नऊ वांगी गेली. मजा म्हणजे माठ आणि मुळा अगदी शेजारी आहेत, तिकडे तो फिरकतही नाही.

हे म्हणतात रात्री बांधून ठेवू. सासूबाई म्हणतात, मुक्या जनावराला बांधायचं नाही, वाफ्याला वई (काठ्या-काट्यांचं कुंपण) घाला. शेजारच्या काकूंनी लाल तिखट भुरभुरायला सांगितलंय, त्याला माझा हात होत नाही. ज्यांच्याकडे कुत्रं आणि भाजी दोन्ही आहे त्यांनी कसं जमवलं ते सांगा.

गच्चीवरचा (२१ नोव्हेंबर, रात्री ९:३२)

पुण्यात गच्चीवर चाळीसेक ग्रो बॅग आणि एक बीगल, नाव चिंगी. पहिल्या वर्षी तिने कोथिंबिरीच्या ट्रेमध्ये झोपायची सवय लावून घेतली होती. मग सगळ्या बॅगा लोखंडी स्टँडवर दोन फूट उंच घेतल्या आणि प्रश्न मिटला. पण तुमच्याकडे जमिनीवरची लागवड आहे, तिथे हे चालणार नाही. बाकीचे सांगतीलच.

काळूचा_बाबा (२१ नोव्हेंबर, रात्री १०:०५)

रात्री साखळी. विषय संपला. आमच्याकडे तीन पिढ्या असंच चालत आलंय.

सदाफुली (२१ नोव्हेंबर, रात्री १०:२०)

बाबा, विषय संपत नाही हो. दीड वर्षाचं तरणं कुत्रं रात्रभर बांधलं तर रात्रभर भुंकेल, आणि सकाळी सोडल्यावर दुप्पट जोमाने उकरेल. आमच्या डॅशंडचा अनुभव आहे. डॅशंड हा जर्मन शब्द, अर्थ बॅजरचा कुत्रा. बॅजर नावाचा बिळात राहणारा प्राणी असतो, त्याच्या बिळात शिरून त्याला बाहेर काढण्यासाठीच ही आखूड पायांची जात तयार केली. त्याला उकरू नको म्हणणं म्हणजे बदकाला पोहू नको म्हणणं.

आम्ही त्याला त्याची जागा दिली. आंब्याखाली चार बाय चार फुटांचा खड्डा, त्यात वाळू आणि माती, आणि रोज सकाळी त्यात चपातीचा तुकडा नाहीतर त्याचा चेंडू पुरून ठेवायचा. आठ दिवसांत त्याला कळलं की इथे काहीतरी मिळतं आणि भाजीत काही मिळत नाही. हे महत्त्वाचं आहे: कुत्रं उगाच उकरत नाही. कंटाळा, उकाडा, वास, यांपैकी काहीतरी असतंच.

ओवी७ (२२ नोव्हेंबर, सकाळी ७:४८)

माझ्या मावशीने डांबरगोळ्या ठेवल्या होत्या कुंडीभोवती. वासाने कुत्रं जवळ येत नाही म्हणे. कॉफीचा चोथा टाकला तरी येत नाहीत असं वाचलंय. करून बघायला काय हरकत आहे?

पशुवैद्य_ताई (२२ नोव्हेंबर, सकाळी ८:१५)

ओवी, हरकत आहे, आणि मोठी आहे. राग मानू नकोस, पण हे उपाय इथे कोणी वाचून करू नयेत म्हणून स्पष्ट लिहिते.

डांबरगोळ्यांत नॅप्थलीन असतं. कुत्र्याने एखादी चघळली तरी रक्तावर आणि यकृतावर परिणाम होऊ शकतो. कॉफीच्या चोथ्यात कॅफीन शिल्लक राहतं, ते कुत्र्याच्या हृदयाला सोसत नाही. लाल तिखट नाकाला आणि डोळ्यांना भाजतं. ज्याचं सगळं जग नाकावर चालतं त्याच्या नाकाला अशी शिक्षा द्यायची नाही. चिकूताई, तुमचा हात झाला नाही ते योग्यच झालं.

आता मला एक सांगा. माठ-मुळा सोडून तो फक्त वांगी-मिरचीतच उकरतो, हे तुम्ही लिहिलंत ते मला महत्त्वाचं वाटतं. या दोन वाफ्यांत तुम्ही काही वेगळं घातलंय का? कोणतं खत?

मळेवाला (२२ नोव्हेंबर, सकाळी ११:३०)

सातारकडचा माणूस, घरची वीस गुंठ्यांवर भाजी आणि दोन कुत्री. ताई, कुंपणाला पर्याय नाही, पण कुंपण घालायची रीत असते. लोक जाळी उभी करतात आणि खालून मोकळी सोडतात, मग कुत्रं खालून उकरून आत जातं आणि आपण म्हणतो जाळीचा उपयोग नाही.

कोंबडीजाळी चार फूट रुंद आणा. तीन फूट वर उभी ठेवा, खालचा एक फूट बाहेरच्या बाजूला जमिनीवर आडवा वळवा आणि वरून माती नि दगड टाका. कुत्रं जाळीच्या पायथ्याशीच उकरतं, तिथे नखं तारेला लागली की सोडून देतं. सहा-सहा फुटांवर बांबू. दार मात्र पक्कं करा, कारण सगळी गळती दारातून होते. गडबडीत आपणच उघडं टाकतो.

नवी रोपं लावली की पहिले पंधरा दिवस वाफ्यावर जाळीचा तुकडा आडवा टाकायचा, रोपापुरती भोकं पाडून. मोकळी भुसभुशीत ओली माती दिसली की कुत्र्याला राहवत नाही. उन्हाळ्यात तर पोट थंड करायला हमखास तिथेच बसतात. म्हणून खारीकला सावलीत ओली जागा द्या आणि पाण्याचं भांडं तिथेच ठेवा.

आणि अजून एक. कुत्र्याला मळ्यातून पार हाकलू नका. आमच्याकडे रानडुकरं येतात. ज्या वर्षी म्हातारा कुत्रा गेला त्या वर्षी भुईमूग एका रात्रीत नांगरल्यासारखा झाला होता.

शेर_लावा (२२ नोव्हेंबर, दुपारी १२:०२)

शेराचं कुंपण करा. फांद्या खोचल्या की लागतात, जनावर तोंड लावत नाही, खर्च शून्य.

पशुवैद्य_ताई (२२ नोव्हेंबर, दुपारी १२:४०)

शेराचा चीक डोळ्यात गेला तर माणसाचीही दृष्टी जायची वेळ येते. शेतबांधाला ठीक आहे, पण घरामागे कुत्रं आणि मुलं खेळतात तिथे नको. कण्हेरही नको, तिचा प्रत्येक भाग हृदयाला विषारी.

चिकूताई, खताचं सांगा.

चिकूची_सावली (२२ नोव्हेंबर, संध्याकाळी ६:२०)

सगळ्यांचे आभार, दिवसभर कामात होते. ताई, तुम्ही विचारलंत म्हणून शेडमध्ये जाऊन पोतं बघितलं. माठ-मुळ्याला फक्त शेणखत. वांगी-मिरचीला रोपं लावताना एका दुकानातून आणलेलं सेंद्रिय मिश्रखत प्रत्येक आळ्यात मूठभर घातलं होतं. पोत्यावर लिहिलंय: निंबोळी पेंड, एरंडी पेंड, हाडांचा चुरा. हेच का कारण?

काल रात्रीही त्याने उकरलंय. आज सकाळी दोनदा उलटी झाली, गवत खाल्लं असेल असं वाटलं. दुपारी जेवला नाही.

पशुवैद्य_ताई (२२ नोव्हेंबर, संध्याकाळी ६:२६)

ताई, धागा बंद करा आणि खारीकला आत्ता, या क्षणी जवळच्या पशुवैद्याकडे न्या. पोतं किंवा त्याचा फोटो बरोबर घ्या. घरी उलटी करवू नका, दूध-तूप काही पाजू नका.

एरंडाच्या बीत रायसिन नावाचं विष असतं. तेल काढल्यावर ते तेलात येत नाही, पेंडीत राहतं. पेंड नीट तापवून प्रक्रिया केलेली असेल तर धोका कमी होतो, पण पोत्यावरून ते ओळखता येत नाही. याला उतारा नाही. सलाइन आणि वेळेवर सुरू केलेले उपचार, एवढंच हातात असतं. लक्षणं काही तासांत दिसतात किंवा एखाद-दोन दिवसांनीही. जा तुम्ही.

सदाफुली (२२ नोव्हेंबर, संध्याकाळी ६:५०)

देवा. ताई, पोचल्यावर एक ओळ टाका.

मेलबर्नी (२२ नोव्हेंबर, संध्याकाळी ७:१५)

वाचून पोटात गोळा आला. इकडे ऑस्ट्रेलियात 'ब्लड अँड बोन' नावाचं खत घरोघरी वापरतात. कत्तलखान्यातलं रक्त आणि हाडं वाळवून दळलेली. आम्ही नवीन घरात टोमॅटोला घातलं, आणि आमच्या कुत्रीने एका दुपारीत सगळा वाफा उपसला. तिला त्या मातीला मटणाचा वास येत होता, आणि आम्ही तिलाच रागावत होतो! हाडांचा चुरा जास्त खाल्ला तर पोटात सिमेंटसारखा गोळा होऊ शकतो असं आमच्या डॉक्टरांनी सांगितलं. तेव्हापासून फक्त कंपोस्ट.

दुसरं म्हणजे गोगलगायींच्या गोळ्या. पावसाळ्यात तिकडेही वापरतात ना? त्यात मेटाल्डिहाइड असेल तर कुत्र्याला थरथर सुटून झटके येतात. गोळ्या कोंड्यात कालवलेल्या असतात, त्यामुळे कुत्री आवडीने खातात. आम्ही आता रात्री बॅटरी घेऊन गोगलगायी हाताने वेचतो.

काळूचा_बाबा (२२ नोव्हेंबर, रात्री ८:०४)

मी साखळी म्हणालो होतो. खताचं मला खरंच माहीत नव्हतं. आमच्या डाळिंबांना एरंडी पेंड वर्षानुवर्षं घालतोय, उद्याच पोती उचलून वरच्या माळ्यावर ठेवतो. ताई, पोरगं बरं होऊ दे.

चिकूची_सावली (२२ नोव्हेंबर, रात्री ११:३५)

पोचलो. सलाइन लावलंय, रक्ततपासणी केली. डॉक्टर म्हणाले वेळेत आणलंत, पण अठ्ठेचाळीस तास लक्ष ठेवावं लागेल. हे तिथेच थांबलेत. सासूबाई देवापुढे बसल्यात.

चिकूची_सावली (२५ नोव्हेंबर, सकाळी ९:००)

खारीक घरी आला! काल रात्री पेज प्यायला, आज सकाळी शेपूट हलवत मांजराच्या मागे गेला. पशुवैद्य ताई, तुम्ही खताचं विचारलं नसतंत तर आम्ही "गवत खाल्लं" म्हणून आणखी एक दिवस घालवला असता. कसे आभार मानू कळत नाही.

दोन्ही वाफ्यांतली वीतभर माती काढून लांब खड्ड्यात पुरली, वर जांभ्याचे चिरे ठेवले. राहिलेली पाच वांगी कुंडीत हलवली.

गच्चीवरचा (२५ नोव्हेंबर, सकाळी ९:२०)

आज पहिल्यांदा एखादा धागा सकाळी उठल्या उठल्या उघडून बघितला. फार बरं वाटलं.

आता जरा हलकं काही. चिंगी उकरत नाही, पण चेरी टोमॅटो पिकला की माझ्या आधी तिला कळतं. पिकलेलाच खाते, हिरव्याला तोंड लावत नाही. ताई, हे चालतं ना?

पशुवैद्य_ताई (२५ नोव्हेंबर, दुपारी १:१०)

पिकलेला एखाद-दुसरा चालतो. हिरवी फळं, पानं, देठ नकोत. हिरवा पडलेला बटाटाही नको. काकडी, गाजर, लाल भोपळा, फरसबी हे बेलाशक द्या. अळूचं पान चघळलं तर तोंडात सुया टोचल्यासारखं होतं आणि लाळ गळते, आपला घसा खाजतो तोच प्रकार.

सगळ्यात जास्त केसेस मी कांदा-लसणाच्या बघते, आणि त्या बागेतून कमी, स्वयंपाकघरातून जास्त येतात. उरलेल्या आमटीत चपाती कुस्करून घातलेली असते. शिजवल्याने कांद्याचं विष जात नाही. तांबड्या पेशी फुटतात, तीन-चार दिवसांनी हिरड्या पांढुरक्या होतात, लघवी गडद होते, तोवर आमटी कोणाच्या लक्षातही नसते. द्राक्षं आणि मनुका मूत्रपिंडासाठी वाईट.

सोवळ्यातली (२६ नोव्हेंबर, सकाळी १०:४५)

विषय थोडा वेगळा. कुत्रं वाफ्यात शिरून टांग वर करतं, तीच पालेभाजी आपण खायची? मला तर भाजी आणि कुत्रं एकत्र ही कल्पनाच पटत नाही.

मळेवाला (२६ नोव्हेंबर, दुपारी १२:१५)

ताई, रानातल्या भाजीवर कोल्हा, उंदीर, पाखरं सगळी फिरून जातात. बाजारातली जुडी तुमच्या घरी येईपर्यंत काय काय बघते! भाजी तीन पाण्यांनी धुवायची, एवढंच.

पशुवैद्य_ताई (२६ नोव्हेंबर, दुपारी २:३०)

मळेवाले दादा, नुसतं धुण्यावर सोडून देऊ नका, सोवळ्यातलींचा मुद्दा रास्त आहे. कुत्र्याच्या विष्ठेतून जंतांची अंडी मातीत जातात आणि तिथे बरेच महिने टिकतात. मुलं मातीत खेळतात तेव्हा ती पोटात जाऊ शकतात. म्हणून विष्ठा रोज उचलायची, भाजीच्या कंपोस्टमध्ये कधीही टाकायची नाही, आणि दर तीन महिन्यांनी जंताचं औषध. कोकणात पावसात लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा आजार) असतो, त्याची लस दरवर्षी. कोथिंबीर, मुळ्याचा पाला असं कच्चं खायचं असेल तर ते कुंपणाच्या आतच लावा.

लघवीने पानं जळतात ती त्यातल्या जास्तीच्या नत्रामुळे. दिसल्या दिसल्या तांब्याभर पाणी ओतलं तर रोप वाचतं.

चिकूची_सावली (४ डिसेंबर, संध्याकाळी ७:४०)

नवी बातमी, आणि ती वेगळ्याच दिशेने आली. डॉक्टरांनी आठवडाभर खारीकला घरात ठेवायला सांगितलं होतं. चौथ्या दिवशी सकाळी वानरं उतरली. पावट्याच्या शेंगा, तोंडली, शेजारच्यांची पपई, अर्ध्या तासात सगळं फस्त. सासूबाई काठी घेऊन धावल्या, एक मोठा नर जागचा हलला नाही. इतके दिवस आमच्या परसात वानरं का येत नव्हती ते त्या दिवशी कळलं. मी ज्याला भाजीचा शत्रू समजत होते तोच राखणदार होता.

तेव्हा आता प्रश्न बदललाय. खारीक परसात मोकळा हवा, फक्त वाफ्यांच्या आत नको. जाळी महाग पडतेय, तीन गुंठ्यांना परवडणार नाही.

गडगा (४ डिसेंबर, रात्री ९:५५)

मग सगळ्या परसाला कशाला, फक्त वाफ्यांना घाला. आणि जाळी पाहिजेच असं नाही. आपल्याकडची जुनी वई घाला: चिव्याच्या (बारीक बांबूच्या) काठ्या वीत-वीत अंतरावर रोवायच्या, आडव्या तीन कांब्या बांधायच्या, खालच्या बाजूला करवंदाच्या काट्या दाबून बसवायच्या. कमरेएवढी पुरे. आत जायला बांबूचं बेडं, म्हणजे फाटक. आमच्या आजोबांची वई तीन हंगाम टिकायची, मग तीच चुलीत.

वाफ्यात रोपांच्या मधे नारळाची सोडणं (वरची सालं) पालथी मांडा. ओल टिकते, तण कमी होतं, आणि कुत्र्याला तिथे पाय ठेवायला आवडत नाही. पण वांग्याला खोडाला चिकटवू नका, वाळवी लागते.

सदाफुली (५ डिसेंबर, सकाळी ८:०५)

आणि वाळूचा खड्डा विसरू नका! एकीकडे वई आणि दुसरीकडे त्याची हक्काची जागा, दोन्ही लागतं.

चिकूची_सावली (१२ जानेवारी, सकाळी १०:३०)

उशीर झाला लिहायला. गड्याने आणि ह्यांनी मिळून दोन दिवसांत वई घातली. चिवा गावातच मिळाला, खर्च फक्त सुंभाचा आणि चहाचा. चिकूखाली खारीकचा खड्डा केलाय, बाजूला पाण्याची जुनी डोणी. पहिल्या दिवशी मी तिथे सुक्या बोंबलाचा तुकडा पुरला. दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला तो तिथे हजर! आता सकाळी वाफ्यात पाणी घालताना तो बेड्याबाहेर आडवा पडून माझ्याकडे बघत असतो. बेडं उघडलं की उठतो, मी "बाहेर" म्हटलं की परत बसतो. हे शिकवायला तीन आठवडे आणि पुष्कळ गाजरं लागली.

खत आता फक्त शेणखत आणि पातेऱ्याचं कंपोस्ट. निंबोळी पेंड वेगळी, सुटी मिळाली, तीही शेडमध्ये कुलपात.

कुंडीतली पाच वांगी पुन्हा वाफ्यात आली. काल पहिलं भरलं वांगं झालं. वानरं एकदा पलीकडच्या फणसावर आली होती, खारीक भुंकल्यावर तिथूनच गेली.

काळूचा_बाबा (१२ जानेवारी, सकाळी ११:१२)

माझ्या काळ्यालाही खड्डा केला. साखळी खुंटीला आहे अजून, पण महिनाभर वापरली नाही.

नवा_सदस्य_निफाड (१२ जानेवारी, दुपारी ४:५०)

सगळा धागा वाचला. आमच्याकडे कांदा काढणी जवळ आलीय, आणि कुत्रा कांद्याच्या ढिगावर झोपतो. खात नाही, फक्त झोपतो. त्याला काही होईल का?

पशुवैद्य_ताई (१२ जानेवारी, संध्याकाळी ६:०५)

नुसतं झोपल्याने काही होत नाही, चावून गिळला तरच धोका. पण कोवळा कुत्रा असेल तर कांद्याचा चेंडू करून खेळतो आणि खेळता खेळता खातो. ढिगाजवळ त्याला एखादं पोतं टाकून वेगळी जागा करून द्या. वय काय आहे त्याचं?